ओढ्याकडच्या गल्लीत आईचा निरोप

मी काय काम करतो, हे आमच्या घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. शाळेत वडिलांचा व्यवसाय विचारला की थोरला 'मास्तर' सांगतो आणि धाकटी 'सरकारी' सांगते. सासूबाई तर मी खानेसुमारीत आहे असंच धरून चालतात. इतकी वर्षं घरोघर हिंडूनही जावयाची माणसं मोजून कशी होत नाहीत, याची त्यांना मनापासून काळजी वाटते. राहिली आमची मंडळी. ती म्हणते, "अहो, दुसऱ्याच्या घरात जाऊन कसं बसावं हे तुम्ही पोरांना शिकवता. स्वतःच्या घरात कसं बसावं हे तुम्हाला कुणी शिकवायचं?"

माझ्या कामाची याहून नेमकी व्याख्या मला अजून सापडलेली नाही. मी समाजसेवेच्या विद्यार्थ्यांना गल्लीत नेतो. वर्गात शिकवतो ते निम्मं. उरलेलं गल्लीनं शिकवायचं असतं, आणि मी तिथं फक्त उन्हात उभं राहायचं असतं.

विलीनीकरणानंतर उस्मानाबादेत हा शिक्षणवर्ग निघाला, तो निजामाच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, रिकाम्या पडलेल्या कचेरीत. जिथं पूर्वी गाड्या अडवून गोण्या उचकत, तिथं मी 'माणसाची प्रतिष्ठा' या विषयावर बोलू लागलो. माझी शाळा झाली उर्दूतून, पदविका मुंबईत इंग्रजीतून, आणि शिकवायचं मराठीतून. सुरुवातीला पोरांना वाटे, सर फार खोल बोलतात. खरं म्हणजे मी शब्द शोधत असे. शिवाय पुस्तकं सगळी मुंबईच्या चाळींची आणि गिरण्यांची. आमच्या गावात चाळ नाही, गिरणी नाही. तेव्हा पुस्तक मिटून पोरांना ओढ्याकडच्या गल्लीत घेऊन जायचं ठरवलं. ओढ्याच्या वरच्या अंगाला हमाल, पिंजारी, खडी फोडणारे अशा लोकांची ही दाटीवाटीची वस्ती होती. गल्लीला आमची गरज होती की नाही, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

आमच्या धंद्याचे नियम साधे आहेत. पहिल्या दिवशी पेन्सिल बाहेर काढायची नाही. बस म्हटल्याशिवाय बसायचं नाही. पाणी दिलं तर प्यायचं, मग घर कुणाचंही असो. (या एका नियमापायी दोन विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात वर्ग सोडून गेले.) उपदेश करायचा नाही. आणि सगळ्यांत कठीण म्हणजे निर्णय आपण घ्यायचा नाही; ज्याचं घर त्यानं घ्यायचा, आपण त्याच्या सोबत थांबायचं. ईट गावचा दिगंबर म्हणून एक शेतकऱ्याचा मुलगा वर्गात होता. त्याला हे पटेचना. पहिल्याच भेटीत त्यानं एका घरी म्हशीच्या खुराला औषध सांगून टाकलं, आणि नेमका गुण आला. पुढं ते घर आम्हाला 'ढोराचे डाक्टर' म्हणूनच हाक मारत राहिलं. मी त्या घरी कुटुंबातल्या ताणतणावांवर बोलायला गेलो, तर म्हातारबांनी माझ्यापुढं शेळी आणून उभी केली.

पण मला सांगायचंय ते सुमनचं.

सुमन तुळजापूरची. वडील मंदिरात पुजारी, घरात बारा महिने यात्रेकरूंचा राबता. मुलगी शिकून शाळेवर लागेल अशा समजुतीनं त्यांनी तिला आमच्याकडं पाठवलं होतं. ती समजूत मी कधी मोडली नाही. सुमन शांत होती, हुशार होती, आणि ओढ्याकडच्या गल्लीत पार अपयशी ठरली होती. बायका "बसा ताई" म्हणत आणि भाकरी थापू लागत. तिच्या धुतल्या पातळाकडं बघून लेकरांना आत ओढून घेत. ती रोज जाई, रोज तशीच परत येई. मी तिला धीर देत असे की विश्वास बसायला वेळ लागतो. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की आमची धाकटी भातुकलीतसुद्धा बाहुलीला ते ऐकवते.

मग एक दिवस आडावर कोंडाबाईनं तिला गाठलं. कोंडाबाई म्हणजे गल्लीतली जुनी, ताठ कण्याची म्हातारी. मुलगा सोलापूरला गिरणीत. घरी सून पारू, नात गोदी आणि पारूच्या मांडीवरचं तान्हं.

"कुटल्या म्हनायच्या तुमी, ताई?"

"तुळजापूरच्या."

"तुळजापुरात कुनाच्या?"

सुमननं वडिलांचं नाव सांगितलं. कोंडाबाईनं कळशी खाली ठेवली आणि भर आडावर तिच्या पायांवर डोकं टेकलं.

दुसऱ्या दिवसापासून गल्ली बदलली. कुणी नारळ आणून ठेवी, कुणी लेकराचा माथा तिच्या पायाला लावी. सुमन वर्गात आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता.

"सर, त्या माझ्या पाया पडतात."

"भूमिका स्पष्ट करा," मी म्हटलं. आमच्या पुस्तकात तसंच होतं.

"केली सर. म्हटलं, मी इथं शिकायला येते. कोंडाबाई म्हणाल्या, आई बी कुनाच्याबी रूपात येती, माय."

आई म्हणजे तुळजापूरची आई. हे आमच्या जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही, पण दिवाळी अंक लांबवर जातात म्हणून लिहिलं.

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर गल्लीत देवीची साथ शिरली. देवीच्या रोगाला तिथं कुणी रोग म्हणत नाही. 'आई आल्यात' म्हणतात. आई आल्या की दाराला कडुलिंबाचा डहाळा लागतो. घरात फोडणी बंद, तळण बंद, केस विंचरणं बंद. परक्यानं आत यायचं नाही. औषध तर नाहीच नाही, कारण घरी आलेल्या पाहुणीला कुणी हाकलत नाही. अंगावर फोड आलेल्या लेकराला लिंबाच्या पाल्यानं वारा घालायचा आणि त्याच्याशी हात जोडून बोलायचं.

डहाळा लागला तो कोंडाबाईच्या दाराला. गोदीच्या अंगावर आई आल्या होत्या.

गोदी सहा-सात वर्षांची. सुमनला गल्लीत पहिल्यांदा नावानं हाक मारली ती तिनंच. तिला टोचलेलं नव्हतं. तान्ह्यालाही नव्हतं, आणि गल्लीतल्या निम्म्याशिम्म्या पोरांना नव्हतं. टोचणीवाले एक भाऊसाहेब नगरपालिकेकडून येत. कोंडाबाईनं त्यांना दारातूनच परत लावलं होतं. आई घरात असताना लेकराला सुई लावली तर आई कोपणार, हे तिच्या लेखी उजेडाइतकं स्वच्छ होतं. भाऊसाहेब मला म्हणाले, "साहेब, मी पोलीस आणू शकतो. पण पोलीस बघितला की ही माणसं लेकरं पाठीला बांधून नातलगांच्या गावी पळतात. मग साथ तालुकाभर. तान्ह्याला आत्ता टोचलं तर वाचंल. आठवडा गेला की मी आलो काय नि न आलो काय."

लिंबाचा डहाळा ओलांडून आत जायची मुभा साऱ्या उस्मानाबादेत एकाच बाहेरच्या माणसाला होती. सुमनला. पुजाऱ्याची लेक म्हणजे आईच्या घरचंच माणूस.

ती वर्गात आली ती माझ्या टेबलापुढं उभीच राहिली.

"सर, मी म्हटलं तर ते टोचून घेतील. रोग काय, लस काय, ते सगळं सांगून झालं. हसतात. पण आईनं सांगितलंय असं म्हटलं तर घेतील."

"आईनं सांगितलंय का?"

"नाही सर."

"मग?" मी म्हटलं. "लोकांच्या श्रद्धेला आपण धक्का लावत नाही, आणि तिचा वापरही करत नाही. पटेपर्यंत बोलत राहायचं."

"तान्हं तोवर थांबेल का?"

मी काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही, म्हणजे बोलण्यासारखं नसणार. घरी जेवताना ही गोष्ट निघाली. मंडळी वाढता वाढता म्हणाली, "ती पोर तुम्हाला उत्तर मागायला आली नव्हती. तिचं ठरलंय."

सकाळी आम्ही गल्लीत गेलो. भाऊसाहेब पेटी घेऊन वळणावर थांबले. मी चपला काढून अंगणात लिंबाखाली उभा राहिलो; पुरुषमाणसाला त्याच्या पुढं जागा नव्हती. उघड्या दारातून आतलं दिसत होतं, ऐकू येत होतं. गोदीचा श्वास वाजत होता. शेजारपाजारच्या बायका ओसरीवर जमल्या होत्या, लेकरं कडेवर घेऊन.

सुमन गोदीपाशी बसली. थोडा वेळ तिनं पाल्यानं वारा घातला. मग बोलली, तेव्हा तो वर्गातला आवाज नव्हता. यात्रेकरूंना आईच्या पुढ्यात उभं करताना तिच्या घरातली माणसं ज्या सुरात बोलत असतील, तो सूर होता.

"कोंडाबाई, आईचा निरोप आहे. या घरातलं एक लेकरू मी खेळायला घेतलंय. बाकीच्यांच्या दंडावर माझी खूण करून ठेवा. खूण दिसली की मी ओळखीन आणि पुढच्या दाराला जाईन."



"सुईची खूण?" कोंडाबाईनं विचारलं.

"सुईची."

"सुई आईला चालती?"

"तिनंच सांगितलंय."

मी अंगणात खोकलोसुद्धा नाही.

मग पारूचा आवाज आला. ती इतका वेळ तान्ह्याला पदराखाली घेऊन भिंतीशी बसली होती. "ताई, मंग माझी गोदी?"

इथं सुमन थांबली. बाहेर मला वाटलं, आता ही खरं बोलणार. मग ती हळूच म्हणाली, "गोदी आईच्या मांडीवर आहे."

कोंडाबाईनं जमिनीला कपाळ लावलं. आणि म्हातारीनं स्वतःच्या हातानं तान्ह्याला उचलून, लिंबाच्या डहाळ्याखालून बाहेर आणून, भाऊसाहेबांपुढं त्याचा दंड उघडा केला. पाठोपाठ सारी गल्ली लोटली. पिंजाऱ्याच्या आमिनाबी तिन्ही लेकरं घेऊन आल्या. "तुमची आई, आमचीबी खाला," म्हणाल्या. खाला म्हणजे मावशी. लेकरं केकाटत होती, आया त्यांचे दंड धरत होत्या, भाऊसाहेबांचे हात भरून आले. एवढ्या वर्षांत त्यांच्यापुढं अशी रांग कधी लागली नव्हती. जाताना सुमनला म्हणाले, "बाई, तुमी आमच्या खात्यात या हो. पेटी मी वाहीन."

सुमन हसली नाही. परत येताना मला म्हणाली, "सर, गोदीचं मी काय बोलले, ऐकलंत?"

"ऐकलं."

"त्यांनी काय ऐकलं असेल?"

गोदी त्याच आठवड्यात गेली. तान्ह्याला थोडा ताप आला, दंडावर फोड धरला, खपली धरली आणि ते सुधारलं. ओढ्याकडच्या गल्लीत त्या साथीत आणखी लेकरू गेलं नाही. शेजारच्या वस्त्यांत गेली. हे मी वर्गात सांगतो तेव्हा पोरांचे चेहरे उजळतात, कारण त्यांना वाटतं गोष्ट इथं संपली.

आईनं निरोप धाडला होता. निरोपाप्रमाणं गल्लीनं खूण करून घेतली होती. लेकरू मांडीवर होतं. मग ते गेलं कसं? कोंडाबाईला या प्रश्नाचं एकच उत्तर ठाऊक होतं. आई खोटं बोलत नाही, तेव्हा चूक घरातच झाली. आणि घरात होतं कोण? तिनं पारूला धरलं. आई घरात असताना तू फोडणी दिली असशील. तू डोक्याला तेल लावलं असशील. तू विटाळ लपवला असशील. गल्लीतल्या बायकांनाही ते सोयीचं होतं. त्यांची लेकरं जगली होती, आणि त्यांच्याकडून काही चुकलं नव्हतं हे त्यात आपोआपच ठरत होतं. पारूला आडावर कुणी जागा देईना. चुलीला तिचा हात लागू देईनात. नवरा सोलापूरहून आला, मुलीची माती करून दोन दिवसांत परत गेला. बायकोशी एक अक्षर बोलला नाही म्हणे. पोरीला आईनं नेलं याचं दुःख पारूला सोसवत होतं. पण पोरगी तिच्या पायी गेली असं अख्खी गल्ली म्हणत होती, आणि हळूहळू ती स्वतःही तसंच म्हणू लागली होती. "मी एकदा लसूण ठेचला हुता," असं ती आमिनाबींना सांगत होती. ती एवढ्या गोष्टीवर येऊन अडकली होती.

हे सुमनला कळलं तसं तिनं मला विचारलंसुद्धा नाही. "मी जातेय," म्हणाली. मी मागोमाग गेलो.

ऊन चढलं होतं. कोंडाबाई ओसरीवर धान्य पाखडत बसली होती. शेजारच्या दोघी-तिघी होत्या. पारू दाराच्या आत उंबऱ्याशी होती. डहाळा उतरवला होता. खुंटीवर दोऱ्याचा गाठीचा तुकडा तेवढा राहिला होता. सुमनला बघून म्हातारी पाया पडायला उठू लागली. सुमननं तिचे हात धरले.

"कोंडाबाई, पाया पडू नका. मला सगळ्यांसमोर सांगायचंय. त्या दिवशी आईनं काही सांगितलं नव्हतं. निरोप नव्हता. लेकरं वाचावीत म्हणून मी ते बोलले. माझं मीच. पारूबाईंची काही चूक नाही. त्यांनी फोडणी दिली असती तरी हेच झालं असतं, नसती दिली तरी हेच."

शेजारणी एकमेकींकडं बघू लागल्या. कोंडाबाईनं सूप खाली ठेवलं. ती चिडली नाही. तिनं सुमनच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

"माय, तवा तू खरं बोललीस. आता खोटं बोलतीस. हिची कीव आली तुला, मनून." आणि सूप परत उचललं.

सुमननं पुन्हा सांगितलं. आईची शपथ घेतली. म्हातारी मान डोलावत राहिली, लेकराचं बोलणं ऐकावं तशी. गल्लीत तिच्या खोट्याला जेवढा मान होता, त्याच्या चिमूटभरही खऱ्याला नव्हता. मी मधे बोललो, वैद्यकातलं काहीबाही. माझ्याकडं तर कुणी बघितलंही नाही.

विश्वास बसला तो एकट्या पारूचा. ती उंबऱ्यावर आली. इतके दिवस ती सुमनला 'ताई, तुमी' म्हणायची.

"आईनं न्हवतं सांगितलं?"

"नाही, पारूबाई."

"मांडीवर हाय म्हनलीस, त्येबी तूच?"

"मीच."

"मंग माझी गोदी कुनी नेली?"

 सुमन म्हणाली, "आजारानं गेली. आधी टोचलं असतं तर..." आणि तिथंच तिनं जीभ चावली.

"आजारानं," पारू म्हणाली. कुण्या परगावचं नाव उच्चारावं तसं म्हणाली. "लसनानं न्हाय."

"नाही. लसणानं नाही."

"आईनंबी न्हाय."

"नाही."

पारू दाराच्या चौकटीला टेकली. "कोंडामाय मला खाती, खाऊ दे. पन पोरगी आईपाशी हाय मनून दोन घास जात हुते गं घशाखाली. आता ती कुटं हाय मनू?"

सुमन एक पाऊल पुढं झाली.

"जा आता," पारू म्हणाली. रागानं नाही. "तान्हं झोपलंय."

तिनं दार लोटलं. फळ्या जुन्या होत्या, मोठ्यानं वाजल्या. आत तान्हं दचकून जागं झालं आणि रडू लागलं. चांगलं खणखणीत, पोट भरलेल्या लेकराचं रडणं. पारू आत त्याला थोपटत असावी, पण ते काही केल्या थांबेना.

मी दोन पावलं चाललो आणि मागं वळून म्हटलं, "चला, सुमनताई."

ती त्या बंद दाराकडं तोंड करून भर उन्हात उभी होती.

"थांबा सर," ती म्हणाली, "जरा ऐकू द्या."